गावाबाहेरचा नळ

पाणी विकत घ्यायचं माझ्या फार जिवावर येतं. चहाला, पेट्रोलला, अगदी पार्किंगलाही मी कुरकुर न करता पैसे देतो. पण पाण्याच्या बाटलीसाठी खिशात हात घातला की वाटतं, आजी कुठूनतरी बघतेय. एसटी स्टँडवर घशाला कोरड पडली तरी मी आधी नळ शोधणार, सापडला की त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारणार, ओंजळीत घेऊन वास घेणार, आणि मग मुकाट्याने बाटली घेणार. बायको याला चिक्कूपणा म्हणते.

तर हा चिक्कूपणा बरोबर घेऊन मी दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत फ्रान्समध्ये सायकल चालवत होतो. भाची तूरला शिकायला होती. (तूर हे शहर आहे. आईला सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, "डाळीची?") "मामा, दर रविवारी तो एकच बोपदेव घाट किती वेळा चढशील? इकडे ये," असं तिचं वर्षभर चाललं होतं. गेलो.

ल्वार नदीच्या अंगाने तिकडे सुमारे ९०० किलोमीटरची सायकलवाट आखून ठेवली आहे. वळणावळणाला पाट्या, मागच्या ट्रेलरमध्ये बसलेली पोरं, पुढच्या टोपलीत बसलेली कुत्री. भाचीला ती वाट चालत नाही. "ती आजी-आजोबांची आहे रे," असं म्हणाली आणि माझ्याकडे बघून गप्प बसली. मग आम्ही भाड्याच्या रेसिंग सायकली घेऊन पिवळ्या डोक्याच्या दगडांचे रस्ते धरले. आपल्याकडे मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं म्हणजे नॅशनल हायवे, ट्रक, ढाबे, कर्णे. तिकडे पिवळं डोकं म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, आणि तासाभरात एखादा ट्रॅक्टर. गाडी आलीच तर पलीकडच्या कडेने जाते. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं, असा कायदाच आहे. पहिल्या दिवशी एवढी लांबून जाणारी गाडी पाहून मी मागे वळून पाहिलं, आपल्या मागे कोणी पडलंय की काय.

गावांच्या पाट्याही मला आवडल्या. शिरताना लाल चौकटीत गावाचं नाव, बाहेर पडताना तेच नाव, पण त्यावर तिरपी लाल रेघ. झालं, खोडलं, पुढचं गाव. काही ठिकाणी पाट्या चक्क उलट्या टांगलेल्या होत्या. मला वाटलं पोरांचा चावटपणा. भाची म्हणाली, शेतकऱ्यांनी केलंय. २०२३ च्या शरद ऋतूत तार्न जिल्ह्यातल्या तरुण शेतकऱ्यांनी सुरुवात केली आणि मग देशभर पसरलं. सरकारचा कारभार डोक्यावर चाललाय, मग गावाचं नावही डोक्यावर. कांदा रस्त्यावर ओतण्यापेक्षा स्वस्त पडत असावं.

राजवाडे पाहायचे होतेच. त्यासाठी तर लोक तिकडे जातात. माझी अडचण अशी की राजवाड्याच्या तिसऱ्या खोलीत मला जांभई येते. पलंग, पडदा, चुलाणं. पलंग, पडदा, चुलाणं. पण आंब्वाझहून दक्षिणेला निघाल्यावर जंगलाच्या तोंडाशी शांतलूचा मनोरा लागतो, तिथे मात्र मी रेंगाळलो. पंधराव्या लुईचा मंत्री, श्वाझलचा ड्यूक, १७७० मध्ये राजाच्या मर्जीतून उतरला आणि त्याला या त्याच्या जहागिरीत येऊन बसावं लागलं. पद गेलं की माणसं फिरकत नाहीत, हा आपला अनुभव. याच्याकडे उलट रीघ लागली. म्हणून त्याने त्या मित्रांची आठवण म्हणून चिनी पॅगोडासारखा सात मजली, ४४ मीटर उंच मनोरा बांधला, १७७५ ते १७७८ या काळात, आणि आत संगमरवरावर भेटायला आलेल्यांची नावं कोरवली. त्याचा राजवाडा १८२३ मध्ये पाडून दगडसुद्धा विकले गेले. पाहुण्यांचा मनोरा तेवढा उभा आहे. घामाने थबथबलेल्या अवस्थेत मी भाचीला म्हटलं, "माझ्या रिटायरमेंटनंतर कोण कोण येतंय ते मी लिहून ठेवणार." ती म्हणाली, "त्यासाठी सात मजले लागतील असं वाटतं तुला?"

पुढे जंगलातून उतार, आणि खाली शनोंसो. शेर नावाच्या नदीवर कमानी टाकून बांधलेला वाडा. साठ मीटर लांबीचं दालन पाण्यावर, अठरा खिडक्या, खाली काळ्या-पांढऱ्या फरश्यांचा पट. त्या फरशीवर आमच्या सायकलच्या बुटांचे क्लीट असे काही टक टक वाजायला लागले की रखवालदाराने भुवया उंचावल्या. मी बूट काढून मोज्यांवर चाललो, देवळात चालल्यासारखा. पहिल्या महायुद्धात या दालनात दुतर्फा खाटा टाकून इस्पितळ केलं होतं. दोन हजारांवर जखमी इथून गेले. दुसऱ्या युद्धात तर नदीच सरहद्द झाली. वाड्याचा पुढचा दरवाजा जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये आणि दालनाच्या टोकाचा दरवाजा पलीकडच्या मोकळ्या फ्रान्समध्ये. लोकांनी या दालनातून पळ काढला. साठ मीटर. मोज्यांवर मला मिनिटभर लागलं.

हे सगळं झालं आणि मग दुपार झाली.

शेर ओलांडून पठारावर चढलो तर सावली नाही. कापणी झालेली गव्हाची रानं, सूर्यफुलं, पुन्हा रानं. पारा छत्तीसवर. दोन्ही बाटल्या रिकाम्या. पुढच्या गावात पाणी घेऊ म्हटलं तर गाव बंद. बेकरी बंद, कॅफे बंद, खिडक्यांच्या झडपा बंद, रस्त्यावर मांजरसुद्धा नाही. पुण्याच्या माणसाने यावर काही बोलू नये, म्हणून मी बोललो नाही. पण त्या क्षणी कोणी मला पाच युरोला बाटली विकली असती तर मी आजीची माफी मागून घेतली असती.

भाची मात्र निवांत. गाव संपायच्या जरा आधी उजवीकडे उंच दगडी भिंत आणि तिच्या वर गर्द काळपट हिरवी झाडं दिसत होती. तिकडे बोट दाखवून म्हणाली, "तिथे पाणी."

"ती सिमेटरी आहे."

"हो. तिथेच तर नळ असतो."

फ्रान्समध्ये सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं म्हणे. पूर्वी माणसं चर्चच्या आवारातच पुरत. नेपोलियनच्या काळात, १८०४ मध्ये, फर्मान निघालं की दफनभूमी वस्तीबाहेर हवी. त्यामुळे ती नेमकी गावाच्या कडेला, रस्त्यालगत सापडते. आणि थडग्यांवरच्या कुंड्यांना पाणी घालायला आत एक नळ असतोच. पाणी पिण्याजोगं नसेल तर तशी पाटी लावतात. पाटी नाही, तर प्या.

फाटकाला कडी होती, कुलूप नव्हतं. आत खडीचा रस्ता, आणि भिंतीला टेकून दगडी कुंडी, तिच्यावर पितळी तोटी. शेजारी दांडीवर सात-आठ हिरव्या प्लॅस्टिकच्या झाऱ्या टांगलेल्या. त्यातली एक बारक्या साखळीने कुलूपबंद. म्हणजे इथेही कोणाच्या तरी झाऱ्या कोणीतरी पळवत होतं. जरा घरच्यासारखं वाटलं. पाटी कुठेच नव्हती. भाचीने तोटी सोडली, आधीचं तापलेलं पाणी जाऊ दिलं, बाटली भरली, घटाघट प्यायली आणि तोटीखाली डोकं धरलं. मी बाटली हातात धरून उभा.

"मामा, पी. मेलेल्यांचं नाहीये ते, ग्रामपंचायतीचं आहे."

मला कळत होतं. पण माझ्या गावच्या ओढ्याकाठी पत्र्याची एक शेड आहे, तिचं काय करायचं?

कोरेगाव तालुक्यातलं गाव. तासाला आठ आण्याने सायकल मिळायची. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहायचा, आणि आमची सगळी धडपड त्या तासाची साठ मिनिटं पुरेपूर वसूल करण्याची. सीटवर बसून पाय पुरायचे नाहीत म्हणून नळीतून पाय घालून हाफ पायडल. फाट्याकडे जाताना वाटेत स्मशान. ते आलं की सगळी पोरं एका सुरात घंटी वाजवत, मान खाली घालून सुसाट निघायची. घंटीला भुतं भितात, असं आमचं शास्त्र होतं. एकदा मी शेवटी राहिलो आणि बरोबर शेडसमोर माझी चेन पडली. बाकीच्यांच्या घंट्या लांब लांब गेल्या.

चेन बसवेपर्यंत हात कोपरापर्यंत काळे. उन्हाळा, मे महिना. शेडच्या बाजूला हापसा होता. एकट्याने हापशाचं पाणी प्यायची एक युक्ती असते: एका हाताने तोंड दाबून धरायचं, दुसऱ्याने दांडा मारायचा, आत पाणी साठलं की पळत वाकून तोंड लावायचं. मी ते केलं. तसलं गार पाणी मी पुन्हा प्यायलो नाही, असं लिहावंसं वाटतंय, पण खरं सांगायचं तर त्याला लोखंडाचा वास होता.

घरी सदऱ्याची ओली छाती बघून आजीने विचारलं, कुठलं पाणी? मी खोटं बोलण्यात तेव्हाही कच्चा होतो. तिने मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं, कपड्यांसकट डोक्यावरून दोन घागरी ओतल्या आणि तोंडात कडुनिंबाचा पाला कोंबला. "मढ्याच्या वाटंचं पानी पितुयास? पुन्हा प्यालास तर घरात यायचं न्हाई." सायकलचे जास्तीचे आठ आणेही तिनेच भरले, ते वेगळं.

मग तीन-चार वर्षांनी दुष्काळ पडला. आड आटले, विहिरी आटल्या. गावात पाणी राहिलं ते त्या एका हापशाला. सकाळी सगळ्या बायकांची रांग तिथे, घागरी शेडच्या ओट्यापर्यंत लागलेल्या. आजीही. मी तिला विचारलं नाही. पण विचारणार हे तिला कळलं असावं. डोक्यावर चुंबळ ठेवत म्हणाली, "पानी भुईच्या पोटातलं. वर कोन जळतंय ते त्येला काय ठावं?" ती घागर घेऊन निघाली. कडुनिंबाचा विषय पुन्हा निघाला नाही.

प्यायलो. तिकडच्या पाण्याला चुन्याची चव होती, लोखंडाची नव्हती. प्यायल्यावर घाई उरली नाही, म्हणून खडीवरून हिंडलो. थडग्यांवर ग्रॅनाइटच्या लहान लहान पाट्या ठेवलेल्या असतात, घरच्यांकडून, शेजाऱ्यांकडून. एकीवर वाकड्या हँडलची सायकल कोरली होती. खाली भाचीने वाचून दाखवलं, सायकलच्या मित्रांकडून. याने बहुधा हयातीत याच नळावर बाटली भरली असणार. काही पडझड झालेल्या थडग्यांवर पालिकेचा कागद अडकवलेला: जागेची मुदत संपली आहे, वारसांनी कचेरीत भेटावं. जागा पंधरा, तीस, पन्नास वर्षांच्या करारावर मिळते, कायमचीही मिळते. तीस वर्षांचा भाडेपट्टा, मग रिन्यूअल. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून सात वर्षं काढलेल्या माणसाला इथे एकदम शांत वाटलं.

फाटकाच्या आतल्या बाजूला महायुद्धाचा स्तंभ होता. तिकडे असा स्तंभ नसलेलं गाव विरळा; बहुतेक १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत उभे राहिलेले. गाव शंभरेक उंबऱ्यांचं असेल. नावं मोजली, तेवीस. वर्षानुसार लावलेली. १९१४ खाली सहा. एकच आडनाव तीनदा होतं, १९१४, १९१५ आणि १९१८ खाली. भाचीने त्यांची पाळण्यातली नावंही वाचली. तिघंही एकाच घरातले असतील, किंवा चुलत असतील; आपल्याकडे एका आडनावाची अर्धी आळी असते.

आमच्या चावडीच्या भिंतीतही एक फरशी आहे. साताऱ्याकडच्या बऱ्याच गावांत आहे. इंग्रजांनी बसवलेली, इंग्रजी अक्षरांची. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकही नाही, दोन आकडे फक्त. त्या फरशीला टेकवून आम्ही सायकली लावायचो, कारण तिथे सावली असायची. शाळेत इंग्रजी यायला लागल्यावर मी ती वाचली होती, मोठ्याने, शहाणपणा दाखवायला. तेवीस नावांसमोर उभं राहून आठवून पाहिलं. आकडे आठवेनात.

चुलतभावाला तिथूनच मेसेज टाकला: चावडीवरच्या फरशीचा फोटो पाठव, आकडा बघायचाय. गावात संध्याकाळ असणार. आम्ही बाटल्या भरून निघालो, पुढची तीस किलोमीटर वारा तोंडावर, भाची पुढे आणि मी तिच्या चाकाला चिकटून.

रात्री तूरला पोहोचल्यावर फोटो आला. खाली त्याने लिहिलं होतं, दादा, मागच्या वर्षी चावडी रंगवली, सगळ्या भिंतीवरूनच ब्रश फिरलाय, बघा लागतंय का. मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. डाव्या कोपऱ्यात 'व्हिलेज' एवढं लागतं. पुढे आकाशी ऑइलपेंट.