कापलेले, भोकं पाडलेले जुने पाने (नट-बोल्ट फिरवायचे स्पॅनर) पुन्हा कामाला लावताना

जुन्या हत्यारांवर आधीच्या मालकाने केलेली कामं बहुतेक तीन प्रकारची असतात: टांगायला दांड्यात पाडलेलं भोक, अडचणीच्या नटासाठी घासून पातळ केलेला जबडा आणि वाकवलेला दांडा. वाकवलेला पाना सहसा आहे तसाच ठेवावा. तो कुठल्या तरी विशिष्ट जागेसाठी वाकवलेला असतो आणि तिथे आजही उपयोगी पडतो. भरून काढायचे ते भोकं आणि घासलेले जबडे.

चांगल्या पान्याचं पोलाद मध्यम कार्बनचं, बऱ्याचदा क्रोम-व्हॅनेडियमचं असतं. थंड पान्यावर वेल्डिंग केलं तर टाक्याशेजारचा (वेल्डच्या जोडाशेजारचा) भाग पटकन थंड होऊन काचेसारखा कडक होतो आणि तडकतो. म्हणून पाना आधी २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करावा. वेल्डिंगचा रॉड ई ७०१८ (कमी हायड्रोजनचा प्रकार), २.५ मि.मी. जाडीचा, सुमारे ३५० अंशांवर तासभर सुकवलेला. दमट रॉडमधला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि टाका वरून सुरेख दिसत असतानाच आत भेग धरतो.

त्याआधी क्रोमचा मुलामा टाक्याच्या चहूबाजूंनी निदान २० मि.मी. घासून काढावा. तो जळला की निघणारा धूर विषारी असतो. घासतानाही मास्क हवाच, आणि काम मोकळ्या हवेत करावं.

भोक भरताना दोन्ही बाजूंनी काठ तिरपे घासून घ्यावेत, नाहीतर रॉड तळापर्यंत पोहोचत नाही आणि मळी (टाक्यावर जमणारा काचेसारखा थर, स्लॅग) मध्येच अडकते. खाली तांब्याची जाड पट्टी ठेवावी. तांब्याला टाका चिकटत नाही. काठावरून सुरुवात करून गोल फिरत मध्याकडे यावं, प्रत्येक थरानंतर मळी पूर्ण झाडावी आणि शेवटी क्षणभर थांबून टाक्याच्या टोकाचा खड्डा भरून घ्यावा. तारा-भेग (ताऱ्यासारखी पसरणारी भेग) नेमकी तिथेच पडते. मग पाना उलटा करून मागची बाजू लख्ख धातू दिसेपर्यंत घासावी आणि एक थर द्यावा. पाण्यात बुडवू नये. कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर ठेवावा.

जबड्याचं काम जास्त नाजूक. साध्या रॉडचा धातू मूळ पोलादापेक्षा मऊ असतो, शिवाय उष्णतेने शेजारच्या पोलादाचं पाणीही (दिलेला कडकपणा) उतरतं. असा जबडा हलक्या कामाला चालतो. गंजून बसलेल्या नटावर जोर लावला की फाकतो. हातोड्याच्या तोंडावर तर टाका मारूच नये, कपची उडून डोळ्यात जाऊ शकते.

घासताना आधी ६० नंबरची फ्लॅप डिस्क (ग्राइंडरला लावायची पॉलिश कागदाच्या पट्ट्यांची चकती), मग ८० आणि १२०. शेवटचा अर्धा मिलिमीटर कानशीनेच काढावा, कारण ग्राइंडर एका जागी रेंगाळला की पोलाद निळं पडतं. निळा रंग म्हणजे जवळपास ३०० अंश, आणि छिन्नी-पटाशीच्या धारेचं पाणी तेवढ्यात गेलेलं असतं. १९ मि.मी.चा जबडा मापाच्या बोल्टावर बसवत बसवत कानशीने आणावा. बोल्ट सहज शिरला पाहिजे, पण पाना डुलता कामा नये.

हायड्रोजनची भेग दोन दिवसांनीही उमटते, म्हणून तपासणी ४८ तासांनी. टाक्यावर रॉकेल लावून दहा मिनिटांनी कोरडं पुसावं आणि खडू फासावा. भेग असेल तर खडूवर ओलसर रेघ उठते. तशी दिसली तर तळापर्यंत घासून पुन्हा गरम करून भरावी. नुसता वरून टाका मारला तर खालची भेग तशीच राहते.