संमिश्र मुळे: आयला भागाकारात शिरू देऊ नका

क्ष⁴ − ६क्ष³ + १८क्ष² − ३०क्ष + २५ = ० या समीकरणाचे एक मूळ १ + २आय दिले आहे (आय म्हणजे −१ चे वर्गमूळ). उरलेली तीन काढायची. बरेच जण लगेच १ + २आय घेऊन संश्लेषक भागाकार (फक्त सहगुणक मांडून करायची भागाकाराची छोटी रीत) मांडतात. उत्तर येते, पण प्रत्येक पायरीला आयचा गुणाकार, आणि एक चिन्ह चुकले की सगळेच मुसळ केरात.

त्यापेक्षा सहगुणकांकडे (क्षच्या घातांना गुणणाऱ्या संख्यांकडे) बघा. सगळे वास्तव आहेत, कुणातही आय नाही; अशा वेळी संमिश्र मुळे जोडीने येतात, म्हणजे १ − २आय हेही मूळ असणारच. जोडीची बेरीज २, गुणाकार १ + ४ = ५, म्हणून क्ष² − २क्ष + ५ हा अवयव. आय गेला. आता साधा भागाकार करा: भागाकार क्ष² − ४क्ष + ५, बाकी शून्य.

हमखास चूक त्या गुणाकारात होते. (२आय)² = −४, आणि त्याच्या आधी वजाबाकीचे चिन्ह, म्हणून अधिक ४. इथे १ − ४ = −३ लिहिलेत, तर क्ष² − २क्ष − ३ ने भागल्यावर −१६क्ष + ६४ बाकी उरते. बाकी शून्य नसेल तर भागाकार पुन्हा तपासण्याआधी हा गुणाकार तपासा. आणि एखाद्या घाताचे पद नसेल तर त्या जागी शून्य मांडायला विसरू नका.

क्ष² − ४क्ष + ५ चा विवेचक (सूत्रातली वर्गमुळाखालची संख्या) १६ − २० = −४. मुळे (४ ± २आय) ÷ २, म्हणजे २ ± आय. घाईत फक्त ४ लाच २ ने भागून २ ± २आय लिहिले जाते. ताळा समीकरणावरूनच मिळतो: मुळांची बेरीज ६ (क्ष³ च्या सहगुणकाचे चिन्ह बदलून) आणि गुणाकार २५ (शेवटचे पद) यायला हवा. गंमत म्हणजे बेरजेच्या ताळ्यात ही चूक सापडत नाही! चारही मुळांची बेरीज तरीही ६ च येते. गुणाकार मात्र २५ ऐवजी ५ × ८ = ४० येतो. म्हणून दोन्ही ताळे करा. एकच करायचा असेल तर गुणाकाराचा.

एक अट मात्र पक्की: सहगुणक वास्तव हवेत. क्ष² − (१ + आय)क्ष + आय = ० ची मुळे १ आणि आय. इथे −आय घालून पाहिले तर डावी बाजू −२ + २आय होते, शून्य नव्हे. अशा समीकरणात जोडी गृहीत धरता येत नाही. तिथे आय अंगावर घेऊनच भागाकार करावा लागतो.