टेक्सासमध्ये आतेभावाची गाडी नावावर करताना

दादा कायमचा सांगलीला परत निघाला आणि त्याची कॅमरी मला देऊ केली. "विकायची कशाला? तू वापर." गाडीवर थोडं कर्ज होतं. उरलेले हप्ते मी भरतो म्हटलं, पण टेक्सासच्या नियमात घेणाऱ्याने कर्ज अंगावर घेतलं की ती भेट राहत नाही, विक्री ठरते. म्हणून दादानेच कर्ज फेडलं आणि बोजा उतरल्याचं पत्र आणलं.

इथे मालकीचा कागद म्हणजे टायटल, रजिस्ट्रेशन वेगळं. जुनी गाडी घेतली तरी ६.२५ टक्के कर पडतो, पण जवळच्या नात्यात भेट मिळाली तर फक्त १० डॉलर. त्यासाठी टायटलचा अर्ज १३०-यू आणि भेटीचं प्रतिज्ञापत्र १४-३१७ लागतं. प्रतिज्ञापत्रावर दोघांनी नोटरीसमोर सह्या करायच्या आणि दोघांपैकी एकाने ते काउंटीच्या कर कार्यालयात स्वतः नेऊन द्यायचं. नात्याच्या जागी आम्ही 'सिब्लिंग'वर खूण केली. दोघांनाही त्यात काही खटकलं नाही.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आडनावं वेगळी कशी?"

"माझ्या आत्याचा मुलगा."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. नवरा-बायको, आईवडील, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं, सख्खी भावंडं, सासरची काही नाती, सगळं होतं. कझिन नव्हता. हे शपथेवरचं लिखाण आहे, खोटं ठरलं तर गुन्हा होतो, म्हणून दाखल करू नका, असं त्यांनी समजावलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तरी घशात काहीतरी अडकलं. दादा पाचवीपासून आमच्याच घरी राहून शिकला. मला सायकल त्याने शिकवली, माझ्या कॉलेजची पहिली फी त्याने भरली. त्याला 'आतेभाऊ' म्हणायची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्या खिडकीशी आली.

दादाच्या विमानाला चार दिवस होते, त्यामुळे नव्या अर्जावर त्याची सही मिळाली. तो निघून गेला असता तर कागद सांगलीला पाठवावे लागले असते. भेट बाद झाल्यावर राज्याने ठरवलेल्या प्रमाणित किमतीच्या आधारे कर लागतो. आमच्या गाडीची कर लागणारी रक्कम ९,६०० डॉलर निघाली, म्हणजे कर ६००. टायटलची फी ३३ डॉलर वेगळी. कुणी चुलत, मामे किंवा मावसभावाकडून गाडी घेणार असाल, तर हा हिशेब आधीच धरा.

तीन आठवड्यांनी टायटल टपालाने आलं. फोटो दादाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "ऑइल बदललंस का?"