मनगटावरचे दोन व्रण

निफाड-पिंपळगावकडचे द्राक्षबागायतदार ऑक्टोबरची छाटणी उरकल्याशिवाय सहसा दवाखान्याची पायरी चढत नाहीत. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास नाशिकमधल्या माझ्या ओपीडीत महिना-महिना अंगावर काढलेल्या तक्रारींची रांग लागते. मागच्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी त्या रांगेत 76 वर्षांचे एक आजोबा बसले होते. घरचे सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. दोन्ही पायांवर गुडघ्यापर्यंत सूज होती, रात्री उशाला तीन उशा लागत होत्या, आणि बागेच्या या बांधावरून त्या बांधापर्यंत जाताना दोनदा बसावे लागत होते.

ते माझ्याकडे पहिल्यांदा आलेले नव्हते, हे आधीच सांगायला हवे. दीड वर्षापूर्वीची त्यांची फाइल माझ्याच अक्षरात होती. तेव्हाच्या टूडी इकोत हृदयाच्या भिंती जाड दिसल्या होत्या, पंपिंग 55 टक्के होते, आणि खाली मी लिहिले होते : ‘जुना रक्तदाब, वयोमानानुसार बदल’. ठोके थोडे जलद होते, म्हणून ते कमी करणारी गोळी मी वाढवून दिली होती. त्यानंतर महिनाभरात आबा बागेत चक्कर येऊन पडले आणि मुलाने ती गोळी स्वतःच्या जबाबदारीवर बंद केली. हे त्याने मला त्या सोमवारी सांगितले, तेही जरा अपराधीपणाने, जणू चूक त्याची होती.

ईसीजीची पट्टी हातात घेतली तेव्हा पहिली ठेच लागली. हृदयाचे स्नायू जाड झाले असतील तर त्यांचा विद्युतसंकेत जोरकस हवा आणि कागदावरचे शिखर उंच हवे, पण आबांच्या हातापायांच्या लीड्समधली शिखरे 5 मिलिमीटरसुद्धा भरत नव्हती. इकोवर भिंतीची जाडी 18 मिलिमीटर आली. ती एरवी 11 च्या आत असते. इतकी जाड भिंत आणि इतका क्षीण संकेत यांचा मेळ एकाच प्रकारे बसतो : जाडी स्नायूची नसून स्नायूंच्या पेशींच्या मधल्या जागेत साचलेल्या दुसऱ्याच कशाची तरी आहे. मग मी स्ट्रेनचे मापन केले. हृदयाचा प्रत्येक भाग आकुंचन पावताना किती आखडतो, हे ते यंत्र गोल तबकडीवर रंगांनी दाखवते. आबांच्या तबकडीची कड फिकट गुलाबी होती आणि मधोमध, म्हणजे हृदयाच्या टोकाशी, ताटलीत कुंकवाची चिमूट ठेवावी तसा गडद लाल ठिपका होता. पाठ्यपुस्तकात अमायलॉइडोसिसचे, म्हणजे बिघडलेले प्रथिन अवयवांत साचण्याच्या आजाराचे, हे चित्र मी अनेकदा पाहिले होते. स्वतःच्या मशिनवर ते ओळखण्याची वेळ पहिल्यांदाच आली.

तपासणी संपल्यावर आबा उठून सदऱ्याची बटणे लावू लागले आणि त्यांना ती जमेनात. सिस्टर पुढे झाल्या तेव्हा ते हसून म्हणाले, “कात्री धरून धरून बोटं मेली, डॉक्टरसाहेब.” मी हात पुढे करायला सांगितले. दोन्ही तळव्यांच्या मुळाशी, मनगटाच्या घडीजवळ, एकेक बारीक पांढरा व्रण होता. बोटांना मुंग्या येत, रात्री त्यांनी जाग येई, म्हणून आठ वर्षांपूर्वी उजव्या आणि पुढच्या वर्षी डाव्या हाताची दबलेली नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया झाली होती. उजवा दंड पाहिला तर स्नायूचा गोळा कोपराकडे घसरलेला होता. द्राक्षांचे कॅरेट उचलताना काहीतरी ‘टच’कन तुटले होते आणि हाडवैद्याने लेप दिला होता. पन्नास वर्षे छाटणीची कात्री चालवलेल्या माणसाच्या हातांविषयी कोणालाच शंका आली नव्हती. मलाही नाही, कारण दीड वर्षापूर्वी मी ते हात पाहिलेच नव्हते. माझे लक्ष छातीवर होते.

ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन आपले यकृत जन्मभर बनवत असते. रक्तातून थायरॉईडचे संप्रेरक आणि अ जीवनसत्त्व वाहून नेणे हे त्याचे काम. चार सारखे तुकडे एकमेकांना धरून ते प्रथिन तयार होते. काही माणसांत उतारवयात हे चौघे सुटे होतात, सुटलेला तुकडा चुकीच्या घडीत दुमडतो, आणि अशा तुकड्यांचे न विरघळणारे तंतू बनून आधी अस्थिबंधांत, मग हृदयात साचत जातात. मनगटातली नस ज्या पट्ट्याखालून जाते तो पट्टा, दंडाचा कंडरा, कधी कमरेतला मज्जारज्जूचा मार्ग, ही त्यांची पहिली ठिकाणे असतात. हृदयाची तक्रार पुष्कळदा त्यानंतर पाच ते दहा वर्षांनी उमटते. अशा साठ्यांनी ताठरलेले हृदय नीट सैल पडत नाही, म्हणून त्यात रक्त कमी भरते आणि प्रत्येक ठोक्याला ठरावीकच बाहेर पडते. वाढीव गरज ते केवळ ठोके वाढवून भागवू शकते, आणि माझ्या गोळीने नेमके तेच अडवले होते. आबा का पडले, याचे उत्तर मला दीड वर्षाने मिळाले.

या आजाराचे जुने इंग्रजी नावच ‘वार्धक्यातला’ अशा अर्थाचे होते, आणि त्या नावाने बराच घोटाळा केला असे माझे मत आहे. फिनलंडमधल्या एका शवविच्छेदन-अभ्यासात 85 वर्षांवरील सुमारे चतुर्थांश लोकांच्या हृदयात हा साठा सापडला होता. म्हणजे साठा असणे आणि आजारी असणे एक नव्हे, आणि वय कुठे संपते व रोग कुठे सुरू होतो हा प्रश्न खरोखरच अवघड आहे. त्यात हृदय स्वतःला फारसे नवे करत नाही. अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या कार्बन-14 चा माग काढून 2009 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले, की हृदयाच्या स्नायुपेशी पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी बदलतात. आबांच्या हृदयातल्या निम्म्याहून अधिक स्नायुपेशी त्यांच्याबरोबर जन्मलेल्या होत्या. पण ‘वयोमानानुसार’ हा शब्द फाइलीत लिहिला की पुढचे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही, ही त्याची सोय मी स्वतः वापरली होती.

निदान पक्के करण्याआधी एक दार बंद करणे भाग होते. असाच साठा अस्थिमज्जेतल्या बिघडलेल्या पेशींच्या प्रथिनांपासूनही होतो, आणि तो असेल तर दिवस न दवडता केमोथेरपी सुरू करावी लागते. रक्ताच्या व लघवीच्या त्या तपासण्यांचे निकाल येईपर्यंतचा आठवडा मला आबांपेक्षा जड गेला. ते निर्दोष आल्यावर मुलगा त्यांना नाशिक रोडहून पहाटेच्या गाडीने मुंबईला घेऊन गेला. तिथे टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य जोडलेल्या पायरोफॉस्फेटचा स्कॅन झाला. मुळात हाडांसाठीचे हे औषध अशा हृदयात जाऊन बसते. टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मे होते, त्यामुळे तपासणीची वेळ चुकवून चालत नाही. मुलाने फोनवर पाठवलेल्या चित्रात बरगड्यांपेक्षा हृदय गडद काळे दिसत होते. 2016 पासून, रक्त-लघवी निर्दोष असताना असा स्कॅन आला, तर हृदयाचा तुकडा काढल्याशिवाय निदान मान्य केले जाते.

परत आल्यावर मुलाचा पहिला प्रश्न स्वतःविषयी होता आणि तो विचारताना तो वडिलांकडे पाहत नव्हता. जनुकतपासणीत बदल सापडला नाही, म्हणजे आजार वारशाने आलेला नव्हता. हे कळल्यावर त्या खोलीतले बोलणे जरा मोकळे झाले.

उपचारांचे बोलणे मात्र लांबले. टाफामिडिस नावाची गोळी त्या चार तुकड्यांच्या मधल्या खाचांत पाचरीसारखी बसते आणि त्यांना सुटे होऊ देत नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 441 रुग्णांच्या चाचणीत तीस महिन्यांत गोळी घेणाऱ्यांपैकी 29.5 टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी 42.9 टक्के दगावले, आणि हा फरक दिसायला दीड वर्ष लागले. दीड वर्ष हा आकडा मी मुलाला सांगितला, पण माझ्या फाइलीतले दीड वर्ष त्यात मिसळत होते, कारण साचलेले ही गोळी काढत नाही, फक्त पुढचे रोखते. अमेरिकेत ती आली तेव्हा तिची किंमत वर्षाला सव्वादोन लाख डॉलर होती, हे मी आबांसमोर बोललो नाही. यकृताला ते प्रथिन फारसे बनवू न देणारी इंजेक्शने आता आली आहेत, आणि 2021 मध्ये सहा रुग्णांवर जनुकसंपादनाचा एकच डोस देऊन रक्तातले प्रथिन खाली आणल्याचे प्रसिद्ध झाले. 2023 मध्ये तर तीन वृद्धांचा साठा त्यांच्याच शरीरातल्या प्रतिपिंडांमुळे आपोआप ओसरल्याची नोंद झाली, आणि तसे प्रतिपिंड औषध म्हणून देण्याच्या चाचण्या चालू आहेत. हे सगळे ऐकून आबांनी विचारले, “म्हणजे कात्री आता कोणी धरायची?” मी मुलाकडे बोट दाखवले.

सूज उतरली, उशा तीनवरून एकीवर आल्या, आणि ठोके कमी करणारी गोळी त्यांच्या फाइलीत लाल शाईने खोडलेली आहे. त्याच आठवड्यात मी शहरातल्या एका हाताच्या शल्यचिकित्सक मित्राकडे गेलो. अमेरिकेत 2018 मध्ये मनगटाची ही शस्त्रक्रिया होणाऱ्या 98 जणांच्या ऊती तपासल्या, तेव्हा दहांत अमायलॉइडचा साठा निघाला होता, त्यांतल्या सातांत ट्रान्सथायरेटिनचा. पन्नाशीपुढचे पुरुष आणि साठीपुढच्या स्त्रिया यांचा काढून टाकायचा तुकडा फेकू नकोस, काँगो रेड हा साठा दाखवणारा रंग लावून पाहायला पॅथॉलॉजीकडे पाठव, एवढीच माझी विनंती होती. त्याने आधी खर्च कोणी द्यायचा ते विचारले, आणि मग हो म्हटले. आतापर्यंत पाच बाटल्या गेल्या आहेत. चार निर्दोष आल्या, आणि दिंडोरीच्या एका शिक्षकांची पाचवी अजून प्रयोगशाळेत आहे.