साहेबांची मेल मी अडवली

२६ जुलै २००५ ला बॅलार्ड इस्टेटमध्ये पाऊस तसा बेताचाच होता, हे आता सांगूनही कुणाला पटत नाही. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला, कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. आमच्या शिपिंग ऑफिसात दिवे होते, एसी होता आणि लोकल बंद पडल्यामुळे अडकलेला निम्माअधिक स्टाफ होता. मोबाइल लागत नव्हते. एसटीडी फिरवली की ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’. लीज लाइन, म्हणजे ऑफिसची कायमची इंटरनेट जोडणी, दुपारीच गेली होती, कारण तिचं दुसरं टोक उपनगरात पाण्याखाली. करारात बॅकअप लाइन होती म्हणे. करारातच राहिली.

मेल सर्व्हर लिनक्सचा. त्यावर खिडक्याबिडक्या नाहीत, काळा पडदा आणि कर्सर. कपाटात फॅक्सच्या जमान्यातला, फोनलाइनवरून इंटरनेट जोडणारा एक्स्टर्नल मोडेम पडून होता, जो भंगारात काढा म्हणून ॲडमिनची कायम भुणभुण असायची. सिरियल पोर्टला लावला, मोडेमशी थेट बोलायचा प्रोग्रॅम, मिनिकॉम, उघडून ‘एटी’ अशी हाक टाइप केली. ‘ओके’ आलं. पीसीच्या पोटातले स्वस्त मोडेम असं उत्तर देत नाहीत. त्यांचं निम्मं काम विंडोजचा ड्रायव्हर करतो.

डायल केलं तर ‘नो डायलटोन’. रिसीव्हर कानाला लावला तर टोन ऐकू येतोय. लाइन ईपीएबीएक्समधून, म्हणजे ऑफिसच्या आतल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेली, तिचा टोन तुटक, आणि मोडेम तो टोन म्हणून मानायलाच तयार नाही. म्हणून ‘एक्स थ्री’ ही कमांड द्यायची, म्हणजे टोनची वाट न बघता तो सरळ नंबर फिरवतो. बाहेरची लाइन घ्यायला आधी शून्य, मग स्वल्पविराम. एका स्वल्पविरामाला मोडेम दोन सेकंद थांबतो. हे सगळं चॅट स्क्रिप्टमध्ये, म्हणजे डायल करणाऱ्या फाइलमध्ये घातलं. इंटरनेट कनेक्शन अकाउंट्समधल्या एका सहकाऱ्याच्या घरचं, तासांच्या पॅकवालं. मला पाठ फिरवायला लावून त्याने पासवर्ड टाकला. तो फाइलमध्ये जसाच्या तसा उघडा राहतो, हे मी त्याला सांगितलं नाही. रात्री आठवणीने पुसला.

मोडेमची किरकिर सुरू झाली आणि टेलिफोन बोर्डावरून ऑपरेटर ताई ओरडल्या, “अहो, तीन नंबरवर कुणीतरी केकाटतंय!” आणि त्यांनी मध्ये घुसून लाइन तोडली. पुढच्या खेपेला ‘कनेक्ट ३१२००’, म्हणजे सेकंदाला ३१,२०० बिट. आयपी मिळाला, पण पिंग, म्हणजे चाचणीची हाक, जाईना. लॉग उघडला तर फोनवरची जोडणी सांभाळणाऱ्या पीपीपीडी प्रोग्रॅमने आधीचा डिफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जायचा ठरलेला रस्ता, बदलायला नकार दिलेला. फोन लागलाय, पण सर्व्हर सगळं त्या मेलेल्या लीज लाइनकडेच ढकलतोय. अशा वेळी आमच्यातले भलेभले केबल हलवत बसतात, लॉग वाचत नाहीत. जुना रूट हाताने उडवला, पीपीपीचा टाकला, आणि पिंगला उत्तर आलं.

आता मेलची रांग. सर्वांत पुढे साहेबांची मेल, सिंगापूरच्या प्रिन्सिपलला, म्हणजे जिचं काम आम्ही इथे बघायचो त्या कंपनीला. स्कॅन केलेले कागद, तीन एमबी. मेलमध्ये अटॅचमेंट आणखी तिसऱ्या हिश्श्याने फुगते, म्हणजे या लाइनवर वीसेक मिनिटं. मध्येच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. तिच्या मागे स्टाफची यादी होती, नावं आणि गावाकडचे फोन नंबर. पुणे ब्रँचने साताऱ्या-रत्नागिरीला फोन करून माणसं सुखरूप आहेत एवढं कळवायचं. दोन-तीन केबीचा मजकूर.

मी साहेबांची मेल होल्डवर टाकली. एक कमांड लागते. कुणाला विचारलं नाही.

“गेली का हो?” केबिनमधून आवाज आला.

“रांगेत आहे, सर.”

यादी काही सेकंदांत गेली. पुण्याहून ‘मिळाली, फोन सुरू केलेत’ असं उत्तर आलं, आणि मग प्रत्येकाला काहीतरी पाठवायचं होतं. साहेबांची मेल मी मध्यरात्रीनंतर सोडली. लाइन तुटत राहिली, पोचेपर्यंत पहाट झाली.

पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांदेखत कौतुक केलं, मेल वेळेत पोचली म्हणून. पोचलीच होती. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास. संध्याकाळी तिथलं ऑफिस बंदच झालेलं, सकाळी उघडलं तेव्हा कागद हजर. पण हा हिशेब मी दुसऱ्या दिवशी केला. होल्डची कमांड देताना घड्याळ माझ्या डोक्यातही नव्हतं. मेल लंडनची असती तर? आपल्याकडे रात्रीचे आठ, म्हणजे तिथे दुपारचे साडेतीन.