काविळीचं निमित्त

2023 चा जानेवारी. सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरलेली, आणि सकाळी आठला आशाताईंचा फोन. "मॅडम, तुमची ती हाय रिस्कची बाई, वस्तीवरची... झाली की बाळंत. रात्री तीनला. घरीच."

आशाताईंना 'हाय रिस्क' एवढंच ठाऊक. कशामुळं, ते मी, एचआयव्हीच्या गोळ्या जिथं मिळतात ते एआरटी सेंटर आणि आमच्या एएनएम सिस्टर, एवढ्यांनाच. सिस्टरना सांगायलाही मी तिची लेखी परवानगी घेतली होती. मी अक्कलकोटच्या बाजूला एचआयव्ही समुपदेशनाचं काम करते. लोक 'काउन्सिलर मॅडम' म्हणतात.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. तारखेला दहा दिवस बाकी होते. बॅगेत काय भरायचं, 108 ला कधी फोन लावायचा, कुठल्या दवाखान्यात जायचं, सगळं तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं. आणि बाईचा फोन तीन दिवस बंद!

नेव्हीरॅपिनची बाटली आणि सुई नसलेली सिरिंज घेतली. आईचा एचआयव्ही बाळाला लागू नये म्हणून हे औषध जन्मल्यावर होईल तितक्या लवकर द्यायचं; फार तर 72 तासांत. सिस्टरनी लसीचा डबा आणि वजनकाटा घेतला. घरी बाळंतपण झालं की सिस्टर लस द्यायला जातातच, त्यामुळं वस्तीवर कुणी भुवया उंचावणार नव्हतं.

रस्त्यात मी बोलणी मनात जुळवत होते. बाळाचं, स्वतःचं, आणि सुईणीचं. त्या म्हाताऱ्या बाईनं उघड्या हातांनी सगळं केलं असणार. तिला सांगायचं का? कायद्यानं सांगता येत नाही, आणि न सांगता गप्प बसवतही नाही.

अकराला पोचलो. तिची आई दारातच होती. "बर्री, बर्री, आत या." त्यांच्या घरात कानडी आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात. आईला सगळे अव्वाच म्हणतात.

ती बाजेवर पडली होती, शेजारी फडक्यात गुंडाळलेली मुलगी. मी तोंड उघडणार, तोच कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीकडं लक्ष गेलं. आत वापरलेले रबरी हातमोजे, ब्लेडचं पाकीट, नाळ बांधायचा दोरा.

अव्वा आपणहून बोलली. "हिला काविळ झालीया म्हणं. दवाखान्यात सांगितलंय, रक्ताला उघडा हात लावायचा न्हाई. सुईण हसायली, पर हिनं मोजे घातल्याबिगर तिला शिवू दिलं न्हाई."

मी तिच्याकडं बघितलं. ती आढ्याकडं.

बोलणी तिथंच विरली. हातमोजे तिनं महिनाभर आधी अक्कलकोटच्या मेडिकलमधून आणून ठेवले होते. घाईत झालेलं बाळंतपण नव्हतं हे. ठरवून केलेलं होतं.

अव्वा चहाला उठल्यावर ती हळूच बोलली. पहिल्या खेपेला शहरातल्या एका खासगी दवाखान्यात, ऐन कळांत, एचआयव्ही असल्याचं कळलं होतं. केसपेपरवर लाल शाईची खूण, खाट एका कोपऱ्यात, जेवणाचं ताट दारातूनच आत सरकवलेलं. सासूनं आयाबाईला विचारलं, आयाबाईनं सांगून टाकलं. सासर तिथंच संपलं. नवरा तेवढा सोबत राहिला, यंत्रमागावर जातो. माहेरी मात्र कुणाला माहीत नाही. "दवाखान्यात अव्वा आलीच असती की माझ्यासंगं," ती म्हणाली.

तीनदा वदवून घेतलेल्या त्या यादीत हा प्रश्न नव्हताच. सोबत कोण येणार आणि त्या माणसाला काय माहीत आहे, हे मी कधी विचारलंच नाही. माझ्या फॉर्मवरही तसा रकाना नव्हता, पण ती काही सबब नव्हे.

बरं, गोळ्या? एक रात्र चुकलेली नव्हती. लेबल खरवडलेली बाटली शेंगाचटणीच्या डब्यामागं. 32 आठवड्यांनंतरच्या व्हायरल लोडमध्ये, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणाऱ्या तपासणीत, विषाणू सापडलाच नव्हता. म्हणून बाळाला एकच औषध पुरणार होतं, सहा आठवडे, आणि सुईणीबद्दलचा माझा जीवही खाली पडला.

वजन 2 किलो 600 ग्रॅम. म्हणजे दीड मिली, रोज एकदा. पहिला डोस मीच दिला. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं आणि गिळला. पण अव्वासमोर सहा आठवडे हे औषध कसलं म्हणून द्यायचं?

सिस्टरनी माझ्याआधी उत्तर दिलं. हेपॅटायटिस बीची लस टोचता टोचता म्हणाल्या, "ही काविळीची लस. आणि ते पातळ औषध रोज द्यायचं, चुकवायचं नाही." त्यांच्या बोलण्यात खोटं असं काही नव्हतं. अव्वानं मान डोलावली. लगेच पुढचं पथ्यही मी त्याच खुंटीला टांगलं: मध, गुटी, वरचं दूध काही नाही, सहा महिने फक्त अंगावरचं. मध एकदा चाटवून झाला होता. अंगावरच्या दुधात वरचं काही मिसळलं की धोका वाढतो, हे अव्वाला सांगता येत नव्हतं. काविळीचं पथ्य मात्र तिला लगेच पटलं.

भलताच पेच नंतर आला. अव्वा काविळीचं गावठी औषध आणायला निघाली होती! ते थांबवायला मला तासभर लागला.

पुढं त्या मुलीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, 18 महिन्यांची शेवटचीसुद्धा. निगेटिव्ह. पण मला आठवतो तो सहाव्या आठवड्याचा दिवस. टाचेला टोचून कार्डावरच्या गोलांत रक्ताचे थेंब घेतले, कार्ड वाळत ठेवलं. रिकामी बाटली तिनं धुऊन परत आणली होती. अव्वा बाहेर बाकावर नातीची झबली घडी करत बसली होती. आम्ही बाहेर येताच तिनं लेकीची हनुवटी धरली, खालची पापणी ओढून डोळा उजेडात नीट बघितला.

"पिवळं कायच न्हाई की," ती मला म्हणाली. "तरी औषध चालूच ठेवायचं का हिनं?"

"चालूच ठेवायचं, अव्वा," मी म्हणाले.