छोट्या विमानाचा लांबचा प्रवास आणि दुपारचा इंधनथांबा

सेस्ना 172 सारख्या चार आसनी विमानातून देश आडवा पार करायचा म्हटलं की लोक हमखास ढगांबद्दल विचारतात. माझ्या डोक्यात मात्र दुपारचा इंधनथांबा घोळत असतो. माझ्या मते या प्रवासाचा कस तिथेच लागतो, जमिनीवर, भर उन्हात, सगळ्यांना निघायची घाई असताना.

सकाळच्या टप्प्याबद्दल फार सांगण्यासारखं नसतं. उजाडताच निघावं, हवा थंड आणि स्थिर असते. टप्पा मी तीन तासांहून मोठा आखत नाही. 172 एसच्या (172 ची एक आवृत्ती) दोन्ही टाक्यांत मिळून वापरण्याजोगं सुमारे 200 लिटर एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, मावतं आणि ताशी 35 लिटरच्या आसपास जळतं. म्हणजे कागदावर साडेपाच तास उडता येतं. पण 120 नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल, सुमारे 1.85 किमी) तीन तासांत होणारे 360 नॉटिकल मैल, समोरून 25 नॉटचा वारा लागला की पावणेचार तासांवर जातात. इतका वेळ अरुंद खुर्चीत, हेडसेट डोक्यावर आवळून, स्वच्छतागृहाशिवाय बसवत नाही. मागे बसलेल्यांना तर नाहीच, आणि त्यांचं कुणी विचारत नाही याचा मला राग येतो.

मग येतो तो थांबा. इंजिन बंद झालं की पहिली नजर इंधनाच्या गाडीवर. गाडीवरची पाटी स्वतः वाचायची. पिस्टन इंजिनाला एव्हगॅस लागतं, त्यातलं 100एलएल हे निळसर असतं. जेटचं इंधन चुकून टाकीत गेलं तर इंजिन कदाचित सुरू होईल, टॅक्सीही होईल (विमान जमिनीवर चालेल), आणि टेकऑफनंतर दगा देईल. शंका आली तर पांढऱ्या कागदावर थेंब टाकून पाहावा. एव्हगॅस उडून जातं, जेटच्या इंधनाचा तेलकट डाग राहतो. भरण्याआधी अर्थिंगची तार विमानाच्या उघड्या धातूला लावलेली हवी, रंगावर लावून उपयोग नाही. शिडीवर चढून झाकणं मी स्वतः लावतो आणि हाताने हलवून पाहतो. उडताना पंखाच्या वर हवेचा दाब कमी असतो. सैल झाकणातून इंधन बाहेर खेचलं जातं आणि खाली बसलेल्या पायलटला ते दिसतही नाही, कारण पंख डोक्यावर असतो.

यानंतर पाच-दहा मिनिटं थांबायचं. पाणी इंधनापेक्षा जड, ते तळाशी बसायला वेळ लागतो. 172 एसला निचऱ्याच्या, म्हणजे तळाचं इंधन काढून पाहण्याच्या, 13 जागा आहेत, प्रत्येक पंखाखाली पाच आणि नाकाखाली तीन. सगळ्यांतून नमुना काढायचा. कप विमानाच्या पांढऱ्या अंगासमोर धरला की निळा रंग दिसतो आणि पाणी असेल तर तळाशी स्वच्छ, गोल, वेगळा थर. एक फसवी गोष्ट: पूर्ण कपच पाण्याने भरला तर थर दिसतच नाही, सगळं एकसारखं नितळ. म्हणून रंग पाहायचा आणि वासही घ्यायचा.

सगळ्यात जास्त वैताग देतं ते गरम इंजिन पुन्हा सुरू करणं. उडताना वारा इंजिन थंड ठेवतो. थांबल्यावर तो वारा नसतो आणि सिलिंडरची उष्णता वर चढते. सिलिंडरला इंधन पोचवणाऱ्या इंजेक्शनच्या बारीक नळ्या नेमक्या वरच असतात, त्यांतलं इंधन उकळून वाफ होते. अर्धा-पाऊण तासाचा थांबा यासाठी सर्वांत वाईट. त्यामुळे उभं करताना नाक वाऱ्याकडे ठेवावं आणि काउलिंगवरचं (इंजिनाच्या आवरणावरचं) ऑइलचं छोटं दार उघडं सोडावं, उष्णता तिथून निघून जाते. निघण्याआधी ते बंद करायला मात्र विसरायचं नाही. सुरू करताना प्राइम करायचं नाही, म्हणजे आधीच इंजिनात इंधन सोडायचं नाही. मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारी कळ) पूर्ण मागे, म्हणजे इंधन बंद, थ्रॉटल (ताकद कमी-जास्त करणारी कळ) अर्धा इंच पुढे, स्टार्टर फिरवायचा आणि इंजिनाने पेट घेतला की मिक्श्चर सावकाश पुढे. इंधन जास्त झाल्याचा वास आला तर मिक्श्चर मागेच ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडायचा, इंजिन पेटलं की थ्रॉटल लगेच ओढून घ्यायचा. दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर फिरवू नये, मध्ये वीस सेकंद विश्रांती द्यावी. चिडून सलग फिरवत राहिलं की बॅटरी बसते, आणि छोट्या विमानतळावर ती चार्ज करून द्यायला कुणी असेलच असं नाही.

इंजिन सुरू झालं तरी दुपार संपलेली नसते. समजा धावपट्टी 4,000 फुटांवर आहे आणि तापमान 35 अंश. त्या उंचीचं प्रमाण तापमान, म्हणजे विमानाच्या हिशोबात धरलेलं, 7 अंश. फरक 28 चा. तापलेली हवा विरळ होते, म्हणून दर अंशाला सुमारे 120 फूट जास्त उंची धरली तर विमानाच्या दृष्टीने ही जागा जवळपास 7,400 फुटांवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन तिथे साधारण पाचवा भाग ताकद गमावून बसतं. वेगदर्शक टेकऑफला तोच 55 नॉट दाखवतो, पण जमिनीवरून चाकं 61 च्या आसपास धावत असतात, म्हणून धावपट्टी भराभर संपते. मिक्श्चर इथे पूर्ण पुढे ठेवणंही चूक. पूर्ण थ्रॉटल देऊन, सर्वाधिक आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळेल इतकं ते मागे घ्यावं. अशा वेळी विमानाच्या पुस्तिकेतलं टेकऑफचं कोष्टक न पाहता ‘जाईल की’ म्हणणाऱ्यांसोबत मी बसत नाही.

दुपारचा उरलेला टप्पा म्हणजे नुसते हेलकावे. शक्य असेल तर तो सोडून द्यावा आणि उन्हं कलल्यावर निघावं.

रात्री टाक्या भरून ठेवाव्यात, रिकाम्या जागेत दमट हवा राहिली की पाणी सुटतं. पण इथे वजन आड येतं. विमानाची कमाल मर्यादा 1,157 किलो, भरलेल्या टाक्यांचं इंधनच 144 किलो. चार मोठी माणसं आणि बॅगा असतील तर पूर्ण टाक्या घेऊन उठताच येत नाही. म्हणून मी सकाळचे प्रवासी आणि सामान आदल्या संध्याकाळीच मोजतो, आणि पुढच्या विमानतळावर फोन करून तीन गोष्टी विचारतो: एव्हगॅस आज खरोखर शिल्लक आहे का, पंप किती वाजता उघडतो, आणि किल्ली कुणाकडे असते.